ट्रेलरचा पाय मातीत रुतला, आता ओढणारी गाडी (हॉर्स) खाली शिरत नाही. काय करावं?

मृणाल_सांवेररोड

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे आणि घाईचाही आहे.

इंदूरला सांवेर रोडवर आमचं छोटं मशीन शॉप आहे. पंपांची बिडाची केसिंग घासून-भोकं पाडून देतो. बाबांनी सुरू केलं, गेली चार वर्षं हिशेब आणि डिस्पॅच मी बघते. आजवरचा सगळा माल दहा चक्क्याच्या ट्रकनं किंवा पार्ट लोडनं गेला. ट्रक यायचा, हमाल भरायचे, ताडपत्री बांधली की गाडी निघाली. आता पहिल्यांदाच बाहेरदेशीची ऑर्डर आहे. 20 फुटी कंटेनर, दहा पॅलेट, प्रत्येकी दोन टनांच्या आसपास, न्हावाशेवा बंदरापर्यंत.

मंगळवारी दुपारी रिकामा कंटेनर घेऊन ट्रेलर आला. लांबच्या लांब 40 फुटी ट्रेलर आणि त्यावर मागच्या टोकाला आमचा 20 फुटी डबा, पुढचा अर्धा भाग नुसता सांगाडा. ट्रान्सपोर्टर फोनवर म्हणाला, "ट्रेलर सोडून जातो, दोन दिवस निवांत भरा, हॉल्टिंग, म्हणजे थांबण्याचं भाडं, लावणार नाही." बाबा खूश. ड्रायव्हरनं हँडल फिरवून ट्रेलरचे पुढचे दोन पाय खाली केले, पाइप काढले आणि हॉर्स घेऊन गेला.

संध्याकाळपर्यंत चार पॅलेट आत गेल्या. फोर्कलिफ्टनं दारात ठेवायच्या आणि आतून दोघांनी हँड पॅलेटवर ओढत पुढच्या भिंतीपर्यंत न्यायच्या. रात्री पाऊस झाला. सकाळी बघते तर डावा पाय वीतभर जमिनीत गेलेला. आमच्या आवारात निम्म्या भागातच काँक्रीट आहे, बाकी काळी मातीच, वर मुरूम टाकलेला. त्यात शेडच्या पन्हाळीचं पाणी नेमकं त्या पायापाशी पडतं. ट्रेलरचं नाक खाली गेलंय आणि डबा डावीकडे कलला आहे.

आज हॉर्स परत आला तर तो खाली शिरतच नाही. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, जोरात रिव्हर्स मारतो, चढून जाईल." बाबांनी हात आडवा घातला म्हणून थांबला. ट्रान्सपोर्टर म्हणतो जमीन तुमची, म्हणजे क्रेनचा खर्चही तुमचा. बंदरावर रविवारी कटऑफ आहे, म्हणजे डबा पोहोचवायची शेवटची मुदत, आणि आज गुरुवार.

ट्रेलर असा सोडून जाणं ही नेहमीची पद्धत आहे की आम्हाला गुंडाळलं? आणि आधी नेमकं काय करू? घरात दोन मतं पडली आहेत. आईचं म्हणणं, साधा ट्रकच मागवायला हवा होता.

बिल्टीवाले काका

मृणालताई, आधी ड्रायव्हरला चहा पाजा आणि चहा पिता पिता गाडीची चावी काढून घ्या. बाबांनी हात आडवा घातला ते फार बरं केलं. पुढचं सगळं सावकाश वाचा, पण तोवर त्या हॉर्सला ट्रेलरच्या दोन हात जवळसुद्धा जाऊ देऊ नका.

मी देवास नाक्यावर एका ट्रान्सपोर्ट कंपनीत 31 वर्षं काढली. त्याआधी वडील लोहामंडीत मुनीम होते, त्यांच्या हाताखाली बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायला शिकलो. आता गुडघे गेले, घरी बसून पोहे खातो आणि लोकांना सल्ले देतो.

नाक खाली गेलेल्या ट्रेलरखाली हॉर्स रेटला तर काय होतं ते सांगतो. ट्रेलरच्या पोटाला पुढे एक जाड पोलादी खुंटी असते, किंग पिन. आपल्याकडे बहुतेक दोन इंची, म्हणजे 50.8 मिलिमीटर. हॉर्सच्या पाठीवर खाच असलेली मोठी तबकडी असते, तिला फिफ्थ व्हील म्हणतात, आमचे जुने ड्रायव्हर टर्न टेबल म्हणायचे. खुंटी खाचेत शिरते आणि जबडा मिटतो. नाक खाली असेल तर तबकडी ट्रेलरच्या पुढच्या पत्र्यावर आदळते आणि ट्रेलर मागे ढकलला जातो. तुमचा एक पाय चिखलात रोवलेला आहे. तो वाकतो, नाहीतर मोडतो. मग वीतभर खाली गेलेलं नाक पार जमिनीवर येतं, आणि वर आठ टन बीड आहे.

आता करायचं काय. कंटेनरमध्ये आता कोणीही जायचं नाही. आणखी भरायला तर नाहीच, पण काढायलासुद्धा हातानं ओढत नाही. कललेल्या तळावर दोन टनांची पॅलेट हँड पॅलेटवर उचलली की ती उताराकडे चालू लागते, तिला माणूस अडवू शकत नाही. माझ्या डोळ्यांसमोर एका पोराच्या पायाचा चुरा झालाय, मी तो प्रसंग इथे लिहीत नाही. आहे त्या जागी लाकडी गुटके ठोकून पॅलेट पक्क्या करा, तेसुद्धा उताराच्या बाजूला उभं न राहता.

मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे गुटके लावा. तुम्ही म्हणाल, पाइप काढला की ब्रेक लागतातच. लागतात. लाल पाइप सुटला की ट्रेलरच्या टाकीतली हवा ब्रेक दाबून धरते. पण जुन्या ट्रेलरला हवेविना नुसत्या स्प्रिंगनं धरणारा स्प्रिंग ब्रेक नसेल, तर ती हवा गळेपर्यंतच ब्रेक. मंगळवारपासून तो ट्रेलर उभा आहे. आत हवा किती उरली असेल हे देवाला ठाऊक.

मग हायड्रा, म्हणजे छोटी फिरती क्रेन, बोलवा. सांवेर रोडवर अर्ध्या तासात मिळेल. पट्टे ट्रेलरच्या मुख्य बीमला, नाकाजवळ. कंटेनरच्या कोपऱ्याला मुळीच नाही, लोक तिथेच हुक अडकवतात. अंगठाभर उचलायचं, थांबायचं, बघायचं. नाक थोडं उचललं की पाय मोकळा होईल. त्या खड्ड्यात माती भरत बसू नका. आडवे रेल्वेचे जुने स्लीपर टाका, त्यावर जाड लोखंडी प्लेट, त्यावर पाय. आणि दुसऱ्या पायाखालीही तेवढीच उंची द्या, नाहीतर आज डावा रुतला तो उद्या उजवा रुतेल. हँडल फिरवून नाक हॉर्सच्या तबकडीपेक्षा किंचित खाली ठेवायचं, म्हणजे हॉर्स शिरताना तिरक्या पट्ट्यांवरून ट्रेलर स्वतः थोडा वर चढतो. फार वर ठेवलं तर खुंटी जबड्याच्या वरून निसटते, गाडी जोडल्यासारखी वाटते आणि पहिल्या वळणावर सुटते. म्हणून जोडल्यावर ड्रायव्हरला पहिल्या गिअरमध्ये हलकं पुढे ओढून बघायला सांगा, ट्रेलरचे ब्रेक लावलेले असताना. आणि कोणीतरी बॅटरी घेऊन खाली वाकून जबडा मिटलाय का ते डोळ्यांनी पाहायचं. ड्रायव्हर "हो गया" म्हणाला, एवढ्यावर विश्वास नाही ठेवायचा.

आता रुतला का? मी पेन घेऊन बसलो. चार पॅलेट, आठ टन, डब्याच्या पुढच्या भिंतीला. डबा ट्रेलरच्या मागच्या अर्ध्यावर, म्हणजे तुमचे आठ टन ट्रेलरच्या मधोमधच्या थोडेच मागे आले. चाकं त्याच्याही मागे, पाय पुढे. त्या आठ टनांतले अंदाजे तीन टन पायांवर गेले. ट्रेलरच्या स्वतःच्या नाकाचं वजन दोनेक टन. म्हणजे एका पायावर अडीच टन, आणि पायाखालची पाटी रांगोळीच्या पाटापेक्षाही लहान! माळव्याच्या काळ्या मातीवर पावसात एवढं वजन कुठे टिकतं? जास्वंदाचं झाड लावायला खड्डा केलात तरी दुसऱ्या दिवशी विहीर होते आपल्याकडे. पहिल्या चार पॅलेट मागच्या टोकाला असत्या तर कदाचित काही झालंही नसतं. पण भरताना पुढून भरत यावं लागतं, त्याला तुमचा इलाज नाही. इलाज एवढाच, की सुटा ट्रेलर काँक्रीटवर उभा करायचा.

तुम्हाला गुंडाळलं का? नाही. उलट ही ट्रेलरची खरी पद्धत आहे, आपण ती वापरत नाही. 1914 साली अमेरिकेत डेट्रॉइटला ऑगस्ट फ्रुहॉफ नावाचा लोहार-गाडीवाला होता. एका लाकूड व्यापाऱ्याला आपली बोट तळ्यावर न्यायची होती. फ्रुहॉफनं फोर्डच्या मॉडेल टी मोटारीला मागून जोडायची दोन चाकांची गाडी करून दिली. व्यापाऱ्याला ती एवढी आवडली की लाकडासाठीही तसल्या गाड्या करून घेतल्या. त्या गाडीचं नाव पडलं सेमीट्रेलर. सेमी एवढ्यासाठी, की ती अर्धीच गाडी आहे. मागचं वजन स्वतःच्या चाकांवर, पुढचं वजन ओढणाऱ्याच्या पाठीवर. बैलगाडीचं जू कसं बैलाच्या खांद्यावर येतं, तसं. सोडायचं म्हटलं की बैल सुटतो आणि गाडीला टेकू लागतो. तुमच्याकडे टेकूच खचला.

त्यातला खरा फायदा हा, की इंजिन आणि माल वेगळे होतात. हॉर्सची किंमत ट्रेलरच्या कितीतरी पट. डिझेल पितो तो, हप्ता त्याचा, ड्रायव्हरचा पगार त्याच्यावर. तो तुमच्या दारात दोन दिवस उभा राहिला तर मालकाचं रक्त आटतं. म्हणून एक ट्रेलर भरतोय, एक रिकामा होतोय, एक रस्त्यावर आहे, आणि हॉर्स मात्र सारखा पळतोय, असं गणित. परदेशात मोठ्या कंपन्या तसंच चालवतात. आमच्या नाक्यावर काय चालायचं? हॉर्स आणि ट्रेलर एकदा जोडले की नवरा-बायकोसारखे जन्मभर. ड्रायव्हर गोदामाच्या दारात खाटेवर तीन दिवस पडून राहायचा.

का, ते मी मालकाला एकदा विचारलं. मालक म्हणाला, मंगलियाला ट्रेलर सोडला होता, सकाळी गेलो तर मागच्या अ‍ॅक्सलखाली विटा आणि चार टायर गायब. त्यानंतर त्यांनी कुठेच सोडला नाही. ट्रेलरला बारा टायर असतात, ते उघड्यावर कोण सोडणार? शिवाय आपल्याकडे बहुतेकांच्या दोन-तीनच गाड्या. ज्याच्याकडे तीन हॉर्स आणि तीनच ट्रेलर, तो अदलाबदल कशी करणार? ट्रेलर जास्त हवेत, आणि कुठलाही हॉर्स कुठल्याही ट्रेलरखाली शिरला पाहिजे. एकाची तबकडी उंच, दुसऱ्याची खाली, असं असलं की सगळा डाव फसतो.

तुमच्या ट्रान्सपोर्टरनं ट्रेलर सोडला म्हणजे त्याच्याकडे धंद्याची अक्कल आहे. जागा न बघता सोडला म्हणजे अक्कल अर्धी आहे, सेमी.

खर्च कोणाचा, तर बिल्टीवर किंवा मेसेजमध्ये काय लिहिलंय ते बघा. काही लिहिलं नसेल तर माझा न्याय असा: जमीन तुमची, पण पाय कुठे टेकायचा ते ड्रायव्हरनं ठरवलं आणि पाटीखाली फळी घातली नाही. अर्धा-अर्धा. हायड्राचं बिल तुमच्या नावानं घ्या आणि भाड्यातून निम्मं वळतं करा. भांडण सोमवारी करा. रविवारी कटऑफ आहे.

दांडियाबाजार

काकांचं सगळं पटलं, एक शब्द वाढवतो. मी बडोद्याचा, ट्रान्सफॉर्मर पाठवणाऱ्या खात्यात आहे. आमच्या मालाला सेमीट्रेलर पुरतच नाही. दोनशे-दोनशे टनांचा नग असतो, त्याला हायड्रॉलिक अ‍ॅक्सलच्या रांगा लागतात आणि पुढे ओढायला एक-दोन पुलर. पण आमच्याकडेही पहिला प्रश्न जमिनीचाच असतो. गाडी आवारात येण्याआधी एक माणूस नुसता जमीन बघत फिरतो. पाण्याची पाइपलाइन कुठून गेलीय, गटाराचं झाकण कुठे आहे, मागच्या महिन्यात कुठे खोदलं होतं. मग तिथे पोलादी प्लेटा पसरतात. पाऊस असेल तर दुप्पट. ताई, हायड्राची स्वतःची चाकंसुद्धा त्याच मातीवर येणार आहेत हे विसरू नका. हायड्रा काँक्रीटच्या भागावर उभी राहून पोहोचते का ते आधी मोजा. आम्ही एकदा रुतलेल्याला काढायला आलेलाच रुतलेला बघितला आहे.

मृणाल_सांवेररोड

काका, दादा, दोघांचे मनापासून आभार. हायड्रा उद्या सकाळी सातला येतेय. पॅलेटना गुटके लावले. चाकांनाही लावले, आणि काका, तुमचं खरं निघालं. ड्रायव्हरनं टाकीचा कॉक उघडून दाखवला, फुस्स एवढाच आवाज आला. हवा नव्हतीच.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. आईचा ट्रकचा मुद्दा तसाच राहिला. आणि ड्रायव्हर आता म्हणतोय की डबा मागच्या टोकालाच राहू द्या, बंदरात काढायला सोपा. हे ठीक आहे ना? आम्हाला आपलं वाटतं, दार मागे आहे, भरायला तसंच लागतं.

बिल्टीवाले काका

आईंना सांगा, मुद्दा चुकीचा नाही, पण हिशेबात बसत नाही. 2018 च्या जुलैत केंद्रानं वजनाच्या मर्यादा वाढवल्या. दहा चक्क्याचा ट्रक आता एकूण 28.5 टनांपर्यंत. त्यातून गाडीचं स्वतःचं नऊ-दहा टन वजा करा, उरले अठरा-एकोणीस. तुमचा माल वीस आणि रिकामा डबा सव्वादोन टनांच्या आसपास. बसला नाही. शिवाय ट्रकच्या हौद्यात डबा नुसता ठेवता येत नाही. ट्रेलरला चार कोपऱ्यांना ट्विस्ट लॉक असतात, ते डब्याच्या कोपऱ्यातल्या भोकात शिरून आडवे वळतात. लॉक नाहीत तर डबा मानपूरच्या घाटातल्या पहिल्याच वळणावर खाली.

तुमचा अठरा चक्क्याचा ट्रेलर. हॉर्सचे पुढचे दोन, मागचे चार, ट्रेलरचे बारा. पुढे सात टन, हॉर्सच्या मागच्या अ‍ॅक्सलवर साडेअकरा, ट्रेलरच्या तीन अ‍ॅक्सलवर मिळून 27. एकूण साडेपंचेचाळीस. बावीस चक्के असले तर 55, पूर्वी हा आकडा 49 होता. तुमची रिकामी गाडी चौदा टन धरली तरी डबा-माल मिळून सव्वाछत्तीसच्या आसपास. एकूण वजनात तुम्ही आरामात आहात.

पण एकूण बघून चालत नाही, आणि इथेच तुमचा दुसरा प्रश्न येतो. सगळे बावीस टन मागच्या टोकाला ठेवले तर जवळजवळ सगळे ट्रेलरच्या तीन अ‍ॅक्सलवर येतात. त्यात ट्रेलरचं स्वतःचं मागचं वजन. 27 च्या काठावर जाऊन बसता. आणि तिकडे हॉर्सच्या मागच्या चाकांवर मालाचं फारसं वजन नाही. ओढणारी चाकं तीच! पावसात घाटातल्या चढावर ती जागच्या जागी फिरणार, आणि उताराला ब्रेक मारला की हॉर्सची मागची बाजू सरकून सगळी गाडी चाकू मिटावा तशी मिटणार. मागे दार लागतं ते भरताना. भरून झाल्यावर डबा क्रेननं उचलून ट्रेलरच्या मधल्या लॉकवर ठेवून घ्या. मधले लॉक आहेत का ते आधी बघा, असतात बहुतेक. भरलेला डबा उचलायला मात्र ती छोटी हायड्रा चालणार नाही, मोठी क्रेन लागेल, आणि उचलायचं वरच्या चारही कोपऱ्यांतून. पैसे लागतील. ड्रायव्हर सोपं म्हणतोय ते बंदरावरच्या दहा मिनिटांसाठी. सहाशे किलोमीटर त्या दहा मिनिटांसाठी नसतात.

डब्यातला मालही लांबीभर सारखा पसरा. डब्याच्या अर्ध्या लांबीत मालाच्या साठ टक्क्यांहून जास्त वजन नको. तुमच्या पॅलेट दोन-दोनच्या पाच रांगा बसतील, आपोआप होईल. रांगांमध्ये फट राहिली तर लाकूड ठोका, दोरीवर भागवू नका.

निघाल्यावर धर्मकाट्यावरून वजनाची पावती घ्या. 1 जुलै 2016 पासून भरलेल्या डब्याचं पक्कं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही, आणि ते कळवण्याची जबाबदारी माल पाठवणाऱ्याची, ट्रान्सपोर्टरची नाही. मालासोबतच्या जीएसटीच्या ई-वे बिलावर हॉर्सचा नंबर असतो. बघा, मंगळवारी जो हॉर्स आला होता तोच आज आलाय का? ट्रेलरचा नंबर वेगळा, हॉर्सचा वेगळा. हॉर्स बदलला असेल तर भाग ब मध्ये नवा नंबर टाका. दिवसाला 200 किलोमीटरच्या हिशेबानं मुदत मिळते, सहाशेला तीन दिवस, पुरतील. परिवहनाचे चेकपोस्ट आपल्या राज्यानं 2024 च्या जुलैपासून बंद केलेत, तरी कागद हाताशी असू द्या. रस्त्यावर कागद विचारणारा कुठेही उगवतो.

खलघाट_पार

मी स्वतः ट्रेलर चालवतो. सतरा वर्षं झाली. लिहायची सवय नाही, फोनवर बोलून टाईप करतोय, चुका माफ करा.

काका बोलले ते बरोबर. पण ड्रायव्हरला पण कोणीतरी विचारा. भरायला दोन दिवस आणि पोचायला सात तास, असं आमच्याशी नेहमी होतं. सांवेर रोडवरून दिवसा शहरात शिरता येत नाही, बायपासनं राऊला यायचं. मग मानपूर, मग गणपती घाट. त्या उतरणीला किती गाड्यांचे ब्रेक गेले ते इंदूरच्या सगळ्यांना माहीत आहे. आता घाट टाळून नवा रस्ता झालाय, बरं झालं. पण तरी सांगतो ड्रायव्हरला. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नको. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ड्रम तापतो आणि मग पाय नुसता आत जातो, लागत काहीच नाही.

ताईंना एक सांगायचंय. गाडी निघताना ड्रायव्हरला विचारा किती वेळ झोपला. आणि गेटवर एक माणूस उभा करा डाव्या बाजूला. ट्रेलरची मागची चाकं हॉर्सच्या रेषेत येत नाहीत, आतून कापतात. गेटचा खांब पहिल्यांदा तिथेच जातो.

बिल्टीवाले काका

भिया, तुम्ही लिहीत जा. गेटच्या खांबाचं मी विसरलोच होतो. माझ्या नोकरीत तीन खांब पडले, तिन्ही डावीकडचे.

मृणाल_सांवेररोड

शुक्रवार रात्रीची खबर देते.

हायड्रा काँक्रीटवरच उभी केली, बूम पुरला. स्लीपर भंगारवाल्याकडून आणले, प्लेट आमच्याच शॉपमधली. पाय बाहेर आला तेव्हा असा आवाज झाला की आई शेडमधून धावत आली. पाय सरळ आहे, वाकलेला नाही. हॉर्स पहिल्याच खेपेत शिरला. बाबा सत्तरीला आलेत, पण स्वतः बॅटरी घेऊन खाली वाकले आणि जबडा बघून आले. ड्रायव्हरनं ओढून दाखवलं. मग हॉर्स जोडलेला असतानाच बाकीच्या सहा पॅलेट भरल्या. आता सोडून जायला कोणी तयारच नव्हतं, हॉल्टिंग लागलं तर लागू दे म्हटलं.

डबा मधल्या लॉकवर घ्यायला मोठी क्रेन मागवली. ट्रान्सपोर्टरनं नाक मुरडलं. मी काकांचे 27 टन त्याला वाचून दाखवले, मग गप्प बसला. हायड्राचे निम्मे द्यायला मात्र अजून तयार नाही, "सोमवारी बोलू" म्हणतोय. काट्यावर डबा-माल मिळून 22,340 किलो आलं. हॉर्स दुसराच होता, नंबर बदलून घेतला.

ड्रायव्हर सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत आमच्या ऑफिसच्या सोफ्यावर झोपला. आईनं त्याला पोळी-भाजी दिली आणि ट्रकचा विषय पुन्हा काढला नाही. साडेपाचला गाडी गेटमधून निघाली. डाव्या खांबापाशी आमचा वॉचमन उभा होता, चाक चार बोटांवरून गेलं. आत्ता दहा वाजता सेंधव्याहून फोन आला, जेवायला थांबलाय, बिजासन उतरून शिरपूरला झोपणार.

आवारात डाव्या पायाचा खड्डा तसाच आहे, पाण्यानं काठोकाठ. बाबा त्याच्याभोवती फेऱ्या मारताहेत आणि पावसाळा संपला की दोन पट्टे काँक्रीटचे टाकू म्हणताहेत. किती रुंद आणि किती जाड, कोणी सांगेल का? आणि पन्हाळ कुठे वळवू?